महागाई, कर आणि उपनगरातला संसार

महागाई हा शब्द मुंबईच्या नोकरदाराला दोन ठिकाणी भेटतो. एकदा वाण्याच्या दुकानात आणि एकदा पगाराच्या कागदावर. दुकानात ती नुसती महागाई असते. पगाराच्या कागदावर तिला 'भत्ता' हे शेपूट जोडलेले असते. वस्तू महागल्या तर त्या प्रमाणात पगाराला काही जोड द्यावी, ही कल्पना मुंबईत जुनी आहे. इथल्या गिरणी कामगारांचा भत्ता शहराच्या निर्देशांकाशी बांधलेला होता. तो निर्देशांकच खरी महागाई दाखवत नाही, अशी ओरड झाली म्हणून राज्य शासनाने १९६३ साली प्रा. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि कामगारांच्या तक्रारीत तथ्य आहे असेच त्या समितीला आढळले. निर्देशांक चुकला तर पोटाला चिमटा बसतो, हे तेव्हा लालबाग-परळला सांगावे लागत नव्हते.

आज मी बोलणार आहे ते याच धाग्याला धरून, पण पगाराविषयी नव्हे. पगाराला निर्देशांक मिळाला. कायद्यात आणि करांत जे रुपयांचे आकडे लिहिलेले असतात, त्यांना मात्र तो बहुधा मिळालेला नाही. एखाद्या वर्षी लिहिलेला आकडा तिथेच बसून राहतो आणि बाहेर बाजारात रुपया झिजत राहतो. मग कधी सरकारचे नुकसान होते, कधी आपले. हे कसे घडते ते अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर अशा आपल्या उपनगरांतच पाहता येते. त्यासाठी दिल्लीला जायला नको.

आधी सरकारच्या नुकसानीचे उदाहरण घेऊ. आपल्या पगारातून दरमहा दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये व्यवसाय कर म्हणून कापले जातात. वर्षाचे झाले अडीच हजार. हा कर महाराष्ट्राने १९७५ साली बसवला, तो रोजगार हमी योजनेसाठी. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसाला हक्काचे काम मिळावे, यासाठी वि. स. पागे यांच्या पुढाकाराने ती योजना उभी राहिली, आणि तिच्या खर्चाचा मोठा भाग शहरातल्या पगारदारांनी सोसला. कर मोठा सुंदर होता असे माझे मत आहे. पण त्याची कमाल मर्यादा राज्यघटनेतच रुपयांत लिहिलेली आहे. ती पूर्वी वर्षाला २५० रुपये होती. १९८८ साली घटनादुरुस्ती करून २,५०० केली गेली आणि तेव्हापासून ती तिथेच आहे. आता थोडा हिशेब करा. महागाई सरासरी सहा टक्के धरली तर बारा वर्षांत भाव दुप्पट होतात, चोवीस वर्षांत चौपट आणि छत्तीस वर्षांत आठपट. म्हणजे १९८८ च्या अडीच हजारांची आजची किंमत जेमतेम तीनशे रुपये राहिली. शिवाय महिना दहा हजारांवर पगार असला की सर्वांना तोच कर. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतला यंत्रचालक आणि त्याच वसाहतीतल्या कंपनीचा संचालक दोघेही दोनशेच भरतात. एक चांगले झाले की, २०२३ पासून महिना पंचवीस हजारांपर्यंत मिळवणाऱ्या स्त्रियांना यातून सूट मिळाली. पण कराचा मूळ आकडा गोठलेलाच आहे.

आता उलट बाजू पाहू, जिथे गोठलेला आकडा आपल्याला चावतो. हे उदाहरण उपनगरातल्या प्रत्येक सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या चिटणीसाला पाठ असेल. संस्थेच्या मेंटेनन्सवर वस्तू व सेवा कर लागतो की नाही, हे ठरवणारी मर्यादा दर सभासदामागे महिना ७,५०० रुपये आहे, आणि संस्थेची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या वर असली पाहिजे. ही ७,५०० ची मर्यादा जानेवारी २०१८ मध्ये ठरली. त्याआधी ती ५,००० होती. २०१८ साली साडेसात हजार मेंटेनन्स म्हणजे तरणतलाव असलेल्या टॉवरची गोष्ट. पण नंतर वॉचमनचा पगार वाढला, लिफ्टच्या देखभालीचा करार वाढला, पंपाचे वीजबिल वाढले, रंगकामाचा खर्च वाढला. इमारत तीच, सभासद तेच, सोयी त्याच. आणि मेंटेनन्स हळूहळू त्या रेषेजवळ आला. समजा तो ७,४०० आहे, तर कर शून्य. समजा दोनशे रुपये वाढून ७,६०० झाला, तर अठरा टक्के कर. कशावर? वरच्या शंभरावर की सगळ्या रकमेवर? केंद्रीय कर मंडळाने २०१९ साली परिपत्रक काढून सांगितले, सगळ्या रकमेवर. म्हणजे १,३६८ रुपये. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ साली निकाल दिला, फक्त वरच्या शंभरावर. म्हणजे अठरा रुपये. अठरा आणि तेराशे अडुसष्ट! या दोन आकड्यांमध्ये किती सर्वसाधारण सभा भांडत बसल्या असतील, याची कल्पना श्रोत्यांनीच करावी.

प्राप्तिकराचेही तसेच होते. २०१४ साली करमुक्त उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख झाली आणि जुन्या पद्धतीत ती तिथेच राहिली. दरम्यान महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढत होता. भत्ता वाढला म्हणजे माणूस श्रीमंत होत नाही, तो फक्त होता तिथे राहतो. पण करवसुली करणाऱ्याच्या हिशेबात तो वरच्या पायरीवर चढलेला असतो. सरकारने दर वाढवले नाहीत, संसदेत कुणी हात वर केला नाही, तरी कर वाढला. २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त केले, त्यामुळे बरीच वर्षे साचलेले हे देणे एकदम फिटले, आणि केंद्राने सुमारे एक लाख कोटी रुपयांवर पाणी सोडले. मात्र तो आकडाही रुपयांतच लिहिलेला आहे, हे लक्षात ठेवलेले बरे.

आता महापालिकेकडे वळू. कारण उपनगरातल्या माणसाचा रस्ता, पाणी, शाळा, दवाखाना हे सगळे तिच्याकडे. मुलुंड आणि बोरिवली १९५७ साली बृहन्मुंबईत आली आणि शहराची हद्द मुलुंड-दहिसरपर्यंत गेली. महापालिकेच्या उत्पन्नाचे दोन मोठे खांब होते, घरपट्टी आणि जकात. यांपैकी घरपट्टीचे काय झाले ते ऐकण्यासारखे आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या इमारतींची भाडी १९४० च्या पातळीवर धरून ठेवली. हेतू चांगला होता. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरू रस्त्यावर येऊ नये. पण घरपट्टी ठरायची ती घराच्या भाड्यावरून. भाडे गोठले म्हणजे घरपट्टीही गोठली. चाळीत राहणाऱ्या माणसाला भाडे नाममात्र, मालकाला दुरुस्ती परवडेना, आणि महापालिकेला त्या चाळीच्या गटारांचा खर्च आजच्या भावाने करावा लागे. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने, असे गोठवलेले भाडे वाजवी राहिलेले नाही, असे सांगितले. १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढीला परवानगी दिली. आणि २०१० पासून मुंबईत घरपट्टी भाड्याऐवजी घराच्या भांडवली मूल्यावर आकारायचे ठरले.

मग एवढी वर्षे महापालिका चालली कशावर? जकातीवर. जकात बहुतेक मालावर किमतीच्या टक्केवारीने घेतली जाई. भाव वाढले की जकात आपोआप वाढे. महागाई हा महापालिकेचा जणू बिनपगारी वसुली कारकूनच होता! मुलुंड, दहिसर, ऐरोली आणि वाशीच्या बाजूचे नाके, तिथे रात्रभर उभ्या मालमोटारींच्या रांगा, ताडपत्री उचलून बघणारे शिपाई, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना जकातीचे वाईट काय ते सांगायला नको. व्यापार अडत होता, चिरीमिरी चालत होती. त्यात माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांना येणाऱ्या कच्च्या तेलावरची जकात मोठी रक्कम देत होती. जकातीचा बोजा शेवटी तुमच्याआमच्यावरच पडे, फक्त पावती आपल्या नावाची नसे.

३० जून २०१७ च्या रात्री हे नाके थंडावले. वस्तू व सेवा कर आला. जकातीच्या बदली राज्य शासनाने महापालिकेला भरपाई द्यायची, २०१६-१७ चे उत्पन्न पायाभूत धरून त्यात दरवर्षी आठ टक्के वाढ करून, असा कायदा झाला. जुलै २०१७ मध्ये पहिला धनादेश मिळाला तो सुमारे ६४७ कोटींचा, एका महिन्याचा. आठ टक्के ही वाढ महागाईपेक्षा कमी नाही, हे मान्य. पण एक फरक पडला. जो माणूस आपल्या दुकानातून कमावतो आणि जो माणूस दर महिन्याला थोरल्या भावाकडून पैसे घेतो, त्या दोघांच्या बोलण्यात फरक पडतो की नाही? तसाच तो पडला. त्यात मार्च २०२२ पासून साडेतीन वर्षांहून अधिक काळ महापालिकेत लोकनियुक्त नगरसेवकही नव्हते.

याच काळात सवलती मात्र भराभर आल्या. १ जानेवारी २०२२ पासून पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना घरपट्टी माफ झाली. उपनगरातल्या एका खोलीच्या, दीड खोलीच्या संसाराला हा खरा दिलासा आहे. मी त्याला नावे ठेवणार नाही. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईत शिरण्याच्या पाचही नाक्यांवर, म्हणजे दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली आणि वाशी, हलक्या वाहनांचा टोल बंद झाला. मुलुंडहून ठाण्याला मोटारीने रोज जाणाऱ्याचे एका खेपेचे पंचेचाळीस रुपये वाचले. 'बेस्ट'चे किमान भाडे जुलै २०१९ मध्ये आठ रुपयांवरून पाच झाले होते. ते पाच रुपये सहा वर्षे टिकले. डिझेल वाढले, पगार वाढले, तिकीट पाचच. तोट्याची खाई भरायला महापालिका पैसे देत राहिली. शेवटी ९ मे २०२५ रोजी किमान भाडे पाचाचे एकदम दहा झाले. घाटकोपर स्टेशनवरून असल्फ्याला किंवा पंतनगरला बसने जाणाऱ्या घरकाम करणाऱ्या बाईला येऊन-जाऊन दहाचे वीस झाले, आणि चार घरांची कामे करणारीला वरचे हे दहा रुपये मोटारवाल्याच्या पंचेचाळिसांपेक्षा जड जातात. दरवर्षी आठ आणे, रुपया असे भाडे वाढले असते तर कुरकुर झाली असती आणि विसरली गेली असती. सहा वर्षे दाबून ठेवलेली वाढ एका सकाळी आली, म्हणून ती लागली.

इथे कुणी विचारील की, सरकारला पैसे कमी पडले तर त्याने नोटा छापाव्यात, नाशिकरोडला छापखाना आहेच की! तर, केंद्र सरकार एके काळी जवळजवळ तेच करीत असे. रिझर्व्ह बँकेला अल्पमुदतीची हुंडी द्यायची आणि पैसे उचलायचे. १९५५ पासून चाललेली ही पद्धत १९९७ साली करार करून बंद झाली. राज्य शासनाला ती सोय कधीच नव्हती, महापालिकेला तर नाहीच नाही. नोटा जास्त आणि माल तेवढाच झाला की भाव चढतात, आणि ज्याच्या खिशात नोट आहे त्याच्याकडून न सांगता कर घेतला जातो. चिंतामणराव देशमुखांसारखा रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर पुढे अर्थमंत्री झाला, तेव्हापासून हा धोका सरकारदरबारी माहीत होता. माहीत असणे निराळे आणि मोह आवरणे निराळे.

१९७४ साल तर कडेलोटाचे. पावसाने आधी दगा दिलेला, तेलाचे भाव जगभर चढलेले, आणि घाऊक भावांची वाढ त्या सप्टेंबरात वर्षाला तीस टक्क्यांच्या वर गेली. यशवंतराव चव्हाण तेव्हा अर्थमंत्री होते. त्या जुलैत वटहुकूम निघाला की, वाढीव पगार पुरा आणि वाढीव महागाई भत्त्याचा अर्धा भाग सक्तीच्या ठेवीत जमा करायचा. बाजारातला पैसा आवरावा हा हिशेब. हिशेब म्हणून तो चुकीचा नव्हता, पुढच्या वर्षभरात भाव उतरलेही. पण घरातली बाई विचारणार, भत्ता दिला तो वाण्याचे बिल भागवायला, तो अर्धा अडकवून ठेवल्यावर बिल भागवायचे कसे? सरकारने फुगवलेले पैसे सरकारने कामगाराच्या भत्त्यातून परत घेतले, असेच तिला वाटले असणार.

अशा बायकांनी त्याआधीच रस्ता धरला होता. १९७२ साली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. गोरेगावच्या मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर तिच्या आघाडीवर होत्या. हातात लाटणी घेऊन, थाळ्या वाजवीत निघालेले ते मोर्चे. मागण्या काय, तर रास्त भावाने धान्य, तेल, साखर, रॉकेल. अर्थशास्त्राच्या पुस्तकात चलनवाढीवर जे लिहिलेले असते त्यापेक्षा लाटण्यामागचे अर्थशास्त्र कमी खरे नव्हते. मिळकतीचा किती हिस्सा पोटाला जातो, यावर महागाई कुणाला किती लागते हे ठरते, एवढेच त्या सांगत होत्या.

ते आजही तसेच आहे. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो कडाडला आणि किरकोळ महागाईचा दर ७.४४ टक्क्यांवर गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये भाजीपाला उतरला आणि तोच दर पाव टक्का झाला. मधल्या काळात मुलाच्या शाळेची फी, डॉक्टरची फी, घरभाडे यांपैकी काही पाव टक्क्याने वाढले असे कुणी म्हणणार नाही. निर्देशांक ही सरासरी आहे, आणि सरासरीत कुणी जेवत नाही. कराचेही पाहा. जुलै २०२२ मध्ये पाकीटबंद पीठ, तांदूळ, दही यांवर पाच टक्के कर आला, तेव्हा सुटे धान्य घेणाऱ्या गृहिणीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हट्ट एकदम शहाणपणाचा ठरला. २२ सप्टेंबर २०२५ पासून उलटे वारे वाहिले. साबण, टूथपेस्ट, केसांचे तेल अठरावरून पाच टक्क्यांवर, तूप-लोणी आणि फरसाण बारावरून पाचवर, आणि आयुर्विमा-आरोग्यविम्याच्या वैयक्तिक हप्त्यांवरचा कर पार गेला. हा दिलासा मापायचा असेल तर जाहिरातीवरून मापू नये. सप्टेंबरच्या आधीची वाणसामानाची पावती आणि नंतरची पावती शेजारी ठेवावी, आणि पुड्यातले ग्रॅम तेवढेच आहेत ना, हेही पाहावे.

कर्जदाराला आणि ठेवीदाराला महागाई निरनिराळ्या दाराने भेटते. २०२२ साली महागाई सलग तीन तिमाह्या सहा टक्क्यांच्या वर राहिली, आणि कायद्याप्रमाणे रिझर्व्ह बँकेला त्याचा खुलासा सरकारला लिहून द्यावा लागला. दरम्यान तिने मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात व्याजाचा मूळ दर चारावरून साडेसहा टक्क्यांवर नेला. बोरिवलीत किंवा मुलुंडला ज्याने सात टक्क्यांनी वीस वर्षांसाठी पन्नास लाख काढले होते, त्याचा हप्ता सुमारे ३८,८०० होता. दर साडेनऊ झाल्यावर पहिल्या महिन्याचे नुसते व्याजच ३९,५०० च्या वर जाते! म्हणजे जुन्या हप्त्यात व्याजसुद्धा भागेना. नवा हप्ता होतो सुमारे ४६,६०० चा. आणि ठेवीदार? समजा ठेवीवर सात टक्के व्याज मिळाले आणि महागाई सहा टक्के आहे. खरी कमाई एक टक्का. पण तीस टक्के कर बसतो तो सातावर, एकावर नव्हे. हातात राहतात चार पूर्णांक नऊ. वर्षाच्या शेवटी माणूस थोडा गरीब झाला आणि मिळवले म्हणून कर भरून आला.

शेवटी राज्याच्या तिजोरीकडे येऊ. महाराष्ट्राच्या २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात महसुली तूट पंचेचाळीस हजार कोटींच्या वर आणि कर्ज नऊ लाख कोटींच्या पुढे दाखवले होते. महागाई असली की जुने कर्ज हलके होते, कारण फेडायचे ते स्वस्त झालेल्या रुपयांत. पण त्याच महागाईने भत्ते, सिमेंट, औषधे महाग होतात. आणि भाव फारच उतरले तर टक्केवारीने येणारे करही अपेक्षेइतके येत नाहीत. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेत पात्र स्त्रियांना महिना पंधराशे रुपये मिळू लागले. २०२५-२६ साठी छत्तीस हजार कोटींची तरतूद होती. दहिसरच्या किंवा विक्रोळीच्या वस्तीतल्या घरात पंधराशे रुपये म्हणजे गॅसचे सिलिंडर आणि वर थोडी भाजी. त्याला खिरापत म्हणणाऱ्यांनी एक महिना त्या घरचा खर्च लिहून पाहावा. पण हा पंधराशेही निर्देशांकाला बांधलेला नाही. संजय गांधी निराधार योजनेचे सहाशे रुपये २०१९ साली हजार झाले आणि हजाराचे पंधराशे २०२३ साली. म्हणजे वाढ होते ती सरकारच्या मनात येईल तेव्हा. आणि वृद्धांच्या निवृत्तिवेतनात साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसासाठी केंद्राचा जो वाटा असतो, तो २००७ पासून दरमहा दोनशे रुपये आहे. सहा टक्क्यांनी हिशेब केला तर त्या दोनशेंचे अठरा वर्षांत सत्तर झाले. पासबुकावर मात्र अजून दोनशेच लिहून येतात.